माळावर पवनचक्की येतेय: साठेखतावर सही करण्याआधी काय काय बघावं?

बालाघाटकर

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

भूम तालुक्यात आमची घरची सोळा एकर जिरायत. त्यातली सात एकर माथ्यावरचा माळ. मूग-उडीद साधला तर साधला, नाहीतर जनावरं चरतात. गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडं, म्हणजे भूम, वाशी, कळंब आणि पलीकडं बीडमधल्या पाटोदा-केज भागात, पवनचक्क्यांची रीघ लागलीय. मागच्या महिन्यात एक एजंट घरी येऊन गेला. बोलणं असं की माथ्यावरची अडीच एकर द्या, तिथं एक पंखा बसेल. वर जायला रस्ता आमच्याच खालच्या शेतातून. पाचशेच्या स्टॅम्पवर साठेखत (म्हणजे पुढं विक्री करायचा करार), हातात थोडा इसार, बाकीचे पैसे 'लोकेशन फायनल झाल्यावर'. सोबत एक कुलमुखत्यारपत्र. आकडा इथं लिहीत नाही, पण माळाच्या बाजारभावापेक्षा बरा आहे.

अण्णा म्हणतात, खडकाळ माळाला एवढे पैसे परत कोण देणार, देऊन टाकू. धाकटे चुलते म्हणतात, पंखे आले की पाऊस पळतो, शिवारात पाय ठेवू देऊ नका. मला दोन्ही पटत नाही. पवनऊर्जा यायला हवी असं मला मनापासून वाटतं. पण हे काम नेमकं कसं चालतं, कंपनी आधी काय करते, मग काय करते, आणि त्यात शेतकऱ्याची बाजू कुठं पक्की करायची, हे सांगणारं गावात कोणी नाही. इथं या क्षेत्रातले लोक असतील तर कृपया लिहा. एजंट पुन्हा येणार आहे आणि अण्णांचा हात पेनाकडं चाललाय.

वाऱ्याचा_हिशेब

वीस वर्षं वारा मोजायच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या माळावर आत्ताच का आले, यापासून सुरुवात करू. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याला पंखे उभे राहिले तेव्हा यंत्रं अडीचशे-साडेतीनशे किलोवॉटची होती. जागा निवडताना 50 मीटर उंचीवरचा वारा बघायचे. तिथं दर चौरस मीटरला 200 वॉटची ऊर्जा मिळाली तर जागा चांगली. म्हणून सगळे सह्याद्रीच्या धारेवर चढले. आता यंत्र 3 मेगावॉटचं, मनोरा 140 मीटरचा. जमिनीपासून जितकं वर जावं तितका वारा वाढतो, आणि वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनानं वाढते. 50 मीटरवर सेकंदाला साडेपाच मीटर वारा असेल, तर तुमच्यासारख्या उघड्या माळावर 140 मीटरवर तो पावणेसातच्या आसपास जाऊ शकतो. वेग वाढला पावपट, ऊर्जा मात्र पावणेदोनपटीच्याही वर. त्यात पंख्याचा व्यास 144 मीटर, म्हणजे एक यंत्र जवळजवळ चार एकर आकाश झाडून काढतं. जो माळ वीस वर्षांपूर्वी कोणी बघितलाही नसता तो आज चालतो, तो यामुळं. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजात 120 मीटर उंचीवर महाराष्ट्राची क्षमता 98 हजार मेगावॉटच्या घरात आहे. प्रत्यक्षात बसलेत पाच हजारांच्या थोडे वर. तेव्हा ही रीघ लगेच थांबणार नाही.

आता कामाचा क्रम. आधी नकाशावर वारा, चढउतार, वस्ती, वनजमीन आणि जवळचं सबस्टेशन बघतात. मग भागात एक-दोन ठिकाणी मास्ट उभारतात, म्हणजे तारांनी ताणलेला बारीक लोखंडी मनोरा. त्याच्यावर वेगवेगळ्या उंचीला वेग मोजणारे कप आणि दिशादर्शक. हल्ली सोबत जमिनीवरून लेझरनं वारा मोजणारं लायडारही ठेवतात. निदान एक पूर्ण वर्ष मोजावं लागतं, कारण आपल्याकडं वर्षाच्या विजेचा मोठा हिस्सा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. एखादा पावसाळा हुकला तर हिशेबच उरत नाही. त्या एका वर्षाची सांगड मग वीसेक वर्षांच्या हवामान नोंदींशी घालतात, म्हणजे मोजलेलं साल चांगलं होतं की पडेल, ते कळतं. त्यावरून दोन आकडे काढतात. एक, जितकी वीज मिळण्याची शक्यता अर्धी-अर्धी आहे तो. दुसरा, दहापैकी नऊ वेळा तरी मिळेलच असा. बँक कर्ज देताना दुसऱ्याकडं बघते.

यानंतर येतं मायक्रोसायटिंग, म्हणजे प्रत्येक पंख्याची नेमकी जागा ठरवणं, आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. एका पंख्यामागं वारा मंदावतो आणि घुसळतो. म्हणून वाऱ्याच्या दिशेत दोन पंख्यांमध्ये व्यासाच्या पाच ते सात पट अंतर लागतं, आडव्या दिशेत थोडं कमी चालतं. घराजवळ येतो म्हणून एक सरकवला की शेजारचे चार सरकतात. त्यामुळं पंखे लागणार पन्नास, तर कंपनी सुरुवातीला सत्तर-ऐंशी जागा बांधून ठेवते. तुमचं 'लोकेशन' त्या जास्तीच्या जागांपैकी असू शकतं. ते वगळलं तर कोणी सांगायलाही येत नाही. पण साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र तुमच्या नावावर तसंच पडून राहतं.

म्हणून पहिली अट: मुदत. अमुक महिन्यांत लोकेशन पक्कं झालं नाही, उरलेली रक्कम मिळाली नाही, तर करार आपोआप रद्द, इसार परत मागायचा नाही. हे लिहून देत नसतील तर पुढचं बोलूच नका.

पाटणवाली

माझं माहेर पाटण तालुक्यात, वनकुसवड्याच्या पठाराखालच्या गावात. मी शाळेत असताना पठारावर पहिले पंखे आले. त्याआधी वर जायचं म्हणजे पायवाट. पंख्यांची पाती न्यायला रस्ता झाला आणि त्याच रस्त्यानं एसटी आली, हे मी विसरणार नाही. माझी धाकटी बहीण साताऱ्याला कॉलेजात जाऊ शकली ती त्या रस्त्यामुळं.

पण जमिनी गेल्या त्या मातीमोल. एकरकमी खरेदीखत झालं. तेव्हा हातात आलेले पैसे मोठे वाटले, लग्नकार्यात आणि घराच्या पत्र्यात संपले. पंखा पंचवीस वर्षं फिरतोय आणि ज्याची जमीन होती तो काका त्याच पंख्याखाली वॉचमन म्हणून बसला. त्याला पगार मिळत होता, तक्रार नव्हती त्याची. मला मात्र ते बघवायचं नाही. तेव्हा आम्हाला कोणी भाडेपट्ट्याचं नावही सांगितलं नव्हतं.

बालाघाटकर दादा, अण्णांना एवढंच विचारा की वीस वर्षांनी तुमच्या नातवाला त्या माळातून काय मिळणार.

सातबारा

पाटणवाली ताईंच्या मुद्द्याला धरून. मी दिवाणी वकिली करतो, गेल्या काही वर्षांत पवन आणि सौरचे बरेच करार डोळ्यांखालून गेले.

कुलमुखत्यारपत्र देऊ नका. मोजणीला अर्ज करायला, दाखले काढायला अधिकार हवा असेल तर तेवढ्याच कामापुरतं, मुदतीचं अधिकारपत्र द्या. 'विक्री, गहाण, भाडेपट्टा व अन्य सर्व व्यवहार' असं लिहिलेला कागद एकदा हातातून गेला की जमीन कागदोपत्री तिसऱ्याच माणसाच्या खिशात असते. एजंट आज एका कंपनीचं नाव घेतो, उद्या तीच जमीन दुसऱ्या कंपनीला चढ्या दरानं देतो. मधला फरक कोणाचा, हे तुम्हाला कळतही नाही.

विक्री की भाडेपट्टा? माझं मत स्पष्ट आहे, भाडेपट्टा. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा पट्टा दुय्यम निबंधकाकडं नोंदवावाच लागतो, नोटरी पुरत नाही. महाराष्ट्रात 29 वर्षांपुढं मुद्रांक शुल्काचा टप्पा बदलतो, म्हणून बहुतेक पट्टे त्याच्या आत ठेवतात. पंख्याचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षं धरतात, त्यामुळं तेवढं पुरतं. भाडं दरवर्षी किती टक्के वाढणार, उशीर झाला तर व्याज किती, कंपनी विकली गेली तर नव्या मालकावर अटी बंधनकारक आहेत का, हे त्यात हवं. कंपनी पट्टा बँकेकडं तारण ठेवेल, त्याला हरकत घेऊ नका. तारण पट्ट्याचं आहे, तुमच्या मालकीचं नाही, हे वाक्य मात्र घालून घ्या.

आणि घरातलं. सातबारावर आत्यांची नावं आहेत का? वडिलोपार्जित जमिनीत त्यांचा हक्क आहे. त्यांना आत्ता बोलवा, चहा पाजा, सगळं सांगा. नंतर नोटीस आल्यावर बोलावण्यापेक्षा हे बरं. जमीन इनामी किंवा वर्ग दोनची असेल तर परवानगीशिवाय काहीच करू नका.

बालाघाटकर

आत्यांची नावं आहेत, दोघींची. एजंट म्हणाला होता, 'त्यांच्या सह्या आपण नंतर बघू.' आता कळलं.

चुलत्यांच्या पावसाच्या मुद्द्यावर कोणी बोलेल का? घरात सगळ्यात मोठं भांडण त्याच्यावरच आहे.

वाऱ्याचा_हिशेब

चुलत्यांना हसू नका. ही समजूत साताऱ्यात, सांगलीत, धुळ्यात, सगळीकडं मी ऐकली आहे आणि तिच्यामागं एक खरा अनुभव आहे. पंखे आले त्याच सुमाराला, 2002 ते 2004 मध्ये, दुष्काळ पडला. माणसानं दोन्ही डोळ्यांनी पाहिलं आणि जोडलं.

पण बघा. आजच्या मोठ्या यंत्राच्या पात्याचं टोकही जमिनीपासून सव्वादोनशे मीटरच्या आत राहतं. पाऊस देणारे ढग त्याच्यावर हजारो मीटर उंच वाढलेले असतात. ते तिथं पोहोचतात ते समुद्रावरून आलेल्या बाष्पावर आणि मॉन्सूनच्या प्रवाहावर. धारेवरचे दोनशे पंखे त्या प्रवाहाला अडवू शकत नाहीत. आणि 1972 चा दुष्काळ आठवणारी माणसं तुमच्या घरात असतील. तेव्हा मराठवाड्यात एकही पंखा नव्हता.

पाटणवाली

आणि माझ्या माहेरी पंखे धुक्यात आणि धो धो पावसातच उभे असतात. जूनमध्ये गेलात तर पाती दिसत नाहीत, नुसता हूं हूं आवाज येतो. तिथून कोयनेचं पाणी दिसतं, ते धरण दरवर्षी त्याच पावसावर भरतं. चुलत्यांना एकदा ठोसेघरला घेऊन या. धबधबाही बघतील.

तारमार्ग

निवृत्त पारेषण अभियंता. पंख्याच्या जमिनीवर सगळे बोलतात, तारेवर कोणी बोलत नाही, म्हणून लिहितो. गावात भांडणं पंख्यावरून कमी आणि तारेवरून जास्त होतात.

पंख्याच्या बुडाशी रोहित्र असतं. तिथून 33 केव्हीची लाइन निघते. अशा दहा-पंधरा लाइन पूलिंग सबस्टेशनला गोळा होतात, तिथं दाब 220 केव्हीवर किंवा त्याच्या वर नेतात आणि मोठ्या लाइननं ग्रिडला जोडतात. पंखा एकाच्या शेतात, पण या तारा चाळीस जणांच्या शेतातून जातात. त्या चाळीस जणांना भाडं नाही, पंखा नाही. विहिरीवरून तार गेली तर उद्या बोअरची गाडी उभी करता येत नाही. उसाच्या फडावरून गेली तर दरवर्षी जीव टांगणीला.

मोठ्या लाइनला विद्युत कायदा 2003 च्या कलम 164 खाली अधिकार मिळालेले असतात, तिथं शेतकऱ्याला नाही म्हणता येत नाही, भरपाईवर बोलता येतं. केंद्राच्या जून 2024 च्या सूचनांमध्ये टॉवरच्या चार पायांमधल्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला 30 टक्के असं आहे. पण हा हिशेब 66 केव्ही आणि त्यावरच्या पारेषण लाइनचा. पंख्यांमधल्या 33 केव्हीला सगळं बोलणीवर असतं. म्हणून बोलणी आधी करा, खांब रोवल्यावर नाही. गावाच्या नकाशावर सगळ्या लाइनचा मार्ग गट नंबरासकट मागा. बांधावरून न्यायला थोडी तार जास्त लागते, कंपन्यांना ते नको असतं. पण गाव एकत्र बसलं तर करतात, मी करून घेतलंय.

घाई का चाललीय, तेही सांगतो. 30 जून 2025 पर्यंत सुरू होणाऱ्या प्रकल्पांना आंतरराज्य पारेषण शुल्क पूर्ण माफ होतं. त्यानंतर ही सूट दर वर्षाला पंचवीस टक्क्यांनी कमी होत जाते. एक वर्ष मागं पडलं की प्रकल्पाचं गणित बदलतं, म्हणून एजंट रात्री नऊला दार वाजवतो. घाई त्यांची आहे, तुमची नाही.

खान्देशी_माणूस

साक्री तालुक्यातून लिहितोय. ब्राह्मणवेलचं पवनक्षेत्र आमच्याकडचं, राज्यातल्या मोठ्यांपैकी एक.

तुमच्याकडं सातबारा तरी आहे भाऊ. आमच्याकडं डोंगरावर पिढ्यान् पिढ्या नागली आणि भुईमूग करणारे भिल्ल, कोकणी आदिवासी होते. जमीन कागदावर वनखात्याची. पंख्यांसाठी वनजमीन वळती झाली तेव्हा कसणारा माणूस कागदावर अतिक्रमणदार होता. वनहक्क कायदा आला 2006 ला, पंखे त्याच सुमाराला उभे राहत होते. दावे दाखल करेपर्यंत रस्ते झाले होते. माझ्या वर्गातल्या दोन मित्रांच्या घरच्यांनी या पायी किती वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, ते मी बघितलंय. एकाचा बाप तेवढ्यात गेला.

ज्यांच्या भागात आदिवासींची जमीन आहे त्यांनी ध्यानात ठेवा. जमीन महसूल संहितेच्या कलम 36 अ प्रमाणं ती बिगरआदिवासीकडं परवानगीशिवाय जाऊ शकत नाही, भाडेपट्ट्यानंही नाही. आणि वनजमीन असेल तर ग्रामसभेचा ठराव हा कागद आहे. तो ठराव कोणी घरी बसून लिहिला असेल तर तिथंच हरकत घ्या.

केजचा_वाटसरू

एक नाजूक विषय, पण टाळता येत नाही. डिसेंबर 2024 मध्ये आमच्या तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. पवनऊर्जा प्रकल्पाकडं खंडणी मागितल्याचं प्रकरण त्याला जोडलेलं आहे, खटला चालू आहे. पंखा आला की गावात फक्त वीज येत नाही. मुरूम, खडी, डंपर, पहारा, जेसीबी, सगळ्याचे ठेके येतात आणि त्यावर डोळा ठेवणारेही येतात. एकट्यानं कोणाच्या गाडीत बसून बोलणी करायला जाऊ नका. जे काही बोलायचं ते ग्रामपंचायतीत, दिवसा, चार माणसांसमोर.

सडाप्रेमी

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, पठारांवर काम करते. या धाग्यात माळ म्हणजे पडीक असं गृहीत धरलं जातंय, त्याचं मला वाईट वाटतं. अण्णांचा दोष नाही, महसूल खातंही 'पोटखराब' असंच लिहितं.

चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अभ्यास केला, तो 2018 ला प्रसिद्ध झाला. पंखे असलेल्या आणि नसलेल्या भागांची त्यांनी तुलना केली. पंखे नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले. शिकारी कमी झाले म्हणून पंख्यांच्या भागात सरड्यांची संख्या वाढली. तेही निर्धास्त झाले, माणूस जवळ गेला तरी लवकर पळेनात, पण अंगानं खंगलेले. म्हणजे पंख्याला धडकून किती पक्षी मेले, एवढ्यावर हिशेब संपत नाही. वरचा पक्षी गेला की खालची सगळी साखळी हलते. तो सरडाही खास आहे. गळ्याखाली निळा-काळा-नारिंगी पंखा उघडणारा, 2016 मध्ये त्याच भागातून नवी प्रजाती म्हणून नोंदला गेलेला. त्याच्या वंशाचं (जीनसचं) शास्त्रीय नावच मराठीतलं 'सरडा' आहे.

तुमच्या बालाघाटाच्या माळावर लांडगा आहे, खोकड आहे, धाविक आणि चंडोल जमिनीवर घरटी करतात. पाटोद्याला नायगावचं मयूर अभयारण्य जवळ आहे. आणि पवनऊर्जा प्रकल्पांना 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत धरलेलंच नाही, त्यामुळं जनसुनावणी होत नाही. कोणी विचारणारच नाही, तर निदान गावानं विचारावं: पक्ष्यांची पाहणी केलीत का, कोणत्या महिन्यात, किती दिवस? रस्ते करताना वरची माती वेगळी ठेवा आणि काम झाल्यावर परत पसरा, एवढं तरी करारात घाला. माळावरची ती वीतभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, आणि डंपर ती एका दुपारी खड्ड्यात ढकलतो.

वाऱ्याचा_हिशेब

सडाप्रेमी ताई, मान्य. माझ्या क्षेत्रात पाहणीचा अहवाल बहुतेकदा जागा पक्क्या झाल्यावर मागवतात, तो परदेशी कर्जदार मागतो म्हणून. तो आधी हवा. वारा मोजायचं वर्ष असतंच, त्याच वर्षात पक्षीही मोजता येतात, वेगळा वेळ लागत नाही. मी स्वतः आता पुढच्या कामात हे मांडणार आहे.

बालाघाटकर, पैशाचा अंदाज यावा म्हणून साधा हिशेब. 3 मेगावॉटचं यंत्र वर्षभर पूर्ण जोरात चाललं तर 2 कोटी 63 लाख युनिट होतील. तसं कुठंच होत नाही. 28 टक्के धरले तर सुमारे साडेत्र्याहत्तर लाख युनिट. युनिटला साडेतीन रुपये धरले तर वर्षाला अडीच कोटींच्या थोडी वर विक्री. यातून कर्ज, देखभाल, विमा, पारेषण जातं, फायदा एवढा नाही. शिवाय दिवसाच्या 96 पंधरामिनिटी हिश्श्यांत किती वीज येईल याचा अंदाज आधी कळवावा लागतो, चुकला तर दंड. तरीही एका पंख्याचं वार्षिक भाडं ठरवताना तुमच्या डोळ्यांपुढं हा आकडा असावा. भाडं ठोक ठेवा आणि त्यावर विक्रीचा छोटा टक्का मागून बघा. देतीलच असं नाही, पण मागितल्याशिवाय कोण देणार?

ऑरहूसकर

मूळचा कराडचा, आता डेन्मार्कात याच उद्योगात. तिकडं 2009 पासून एक कायदा होता: नवा पंखा उभारणाऱ्यानं निदान 20 टक्के हिस्सा आसपासच्या लोकांना विकत घेण्यासाठी खुला ठेवायचा, साडेचार किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी. 2020 मध्ये तो बदलला, आता शेजाऱ्यांना दरवर्षी ठरावीक बोनस मिळतो. दोन्ही पद्धतींत शेजारी हा प्रकल्पाचा भागीदार मानला जातो. साखर कारखाना आणि दूध संघ सभासदांच्या शेअरवर उभे करणाऱ्या मराठी माणसाला यात नवीन काहीच वाटणार नाही. आपल्याकडं पंख्याची सहकारी संस्था का निघाली नाही, हा प्रश्न मला इथं राहून सारखा पडतो.

अंतराबद्दल: आपल्या केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत घरापासून 500 मीटर सांगितलंय. रस्ता आणि वीजवाहिनीपासून मनोऱ्याची उंची, अधिक पंख्याचा अर्धा व्यास, अधिक 5 मीटर. म्हणजे पडला तरी रस्त्यावर पडू नये. तुमची वस्ती, आखाडा, जिथं माणूस रात्री झोपतो ते सगळं त्यांच्या नकाशावर दाखवलंय का ते बघा. शेतातली वस्ती उपग्रहाच्या चित्रात गोठा समजून सोडून देतात.

सातबारा

वरच्यांकडून राहिलेलं एक. पंचवीस वर्षांनी पंखा कोण काढणार? खाली वीसेक मीटर व्यासाचा, काहीशे घनमीटर काँक्रीटचा पाया असतो. पाती फायबरची, भंगारवालाही घेत नाही. करारात लिहा: मुदत संपल्यावर यंत्र खाली उतरवून, पाया जमिनीखाली निदान एक मीटरपर्यंत फोडून, माती भरून जमीन परत. आणि त्यासाठीची ठेव किंवा बँक हमी दहाव्या वर्षापासून तरी. जुन्या भागांत बंद पडलेली यंत्रं उभीच आहेत. मालक वेगवेगळे आहेत, काहींनी त्या काळी फक्त घसाऱ्याच्या करसवलतीसाठी एकेक पंखा घेतला होता. त्यांना आता शोधायचं कुठं? दहा जुने काढून तिथं एक नवा बसवायचं धोरण केंद्रानं 2016 ला आणलं, 2023 ला सुधारलं. पण दहा मालक एका टेबलावर यायला हवेत ना.

बालाघाटकर

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितोय, कारण मधले पंधरा दिवस गावीच होतो.

धागा छापून नेला आणि अण्णांना वाचून दाखवला. पाटणवाली ताईंचा वॉचमन काकांचा भाग आला तेव्हा अण्णा उठून बाहेर जाऊन बसले. संध्याकाळी म्हणाले, 'विकायचं नाही.' आत्यांना बोलावलं. मोठी आत्या म्हणाली, माझा हिस्सा मला नको, पण सही कशावर करतेय ते मला वाचता आलं पाहिजे. मसुदा मराठीत हवा, ही अट त्यामुळं आमच्या यादीत पहिली आली.

एजंटला ग्रामपंचायतीत बोलावलं. आमच्या शिवारातले एकोणीस शेतकरी होते, त्यातले सात फक्त तारेखाली येणारे. लाइनचा नकाशा मागितला तर आधी नाही म्हणाला, मग तीन दिवसांनी घेऊन आला. त्यात तार चुलत्यांच्या विहिरीवरून जाते. पावसावरून भांडणाऱ्या चुलत्यांनी तो नकाशा अर्धा तास बघितला आणि शांतपणे विचारलं, 'बांधावरून नेली तर किती खांब वाढतात?' चार वाढतात. कंपनीचा माणूस पुढच्या आठवड्यात स्वतः येतो म्हणालाय, एजंटाशिवाय. आम्ही मुदत अठरा महिने, नोंदणीकृत पट्टा, दरसाल वाढ, मातीचा मुद्दा आणि पाया काढण्याची ठेव, एवढं लेखी दिलंय. ठेवीवर ते कुरकुरताहेत.

सडाप्रेमी ताई, माळाच्या दक्षिण टोकाला एका बिळातून लांडग्याची पिल्लं निघताना मी लहानपणी पाहिली होती. तुमचं वाचल्यावर पहाटे जाऊन आलो. बीळ आहे, ताजे ठसेही आहेत, फोटो काढलेत. प्रस्तावित रस्ता तिथून साठ पावलांवर आहे. हे कंपनीपुढं कसं मांडायचं, आणि वनखात्याला कळवायचं तर कोणत्या कार्यालयात, तेवढं सांगाल का? बैठक बुधवारी आहे.

सडाप्रेमी

फोटो सगळीकडं टाकू नका, बिळाची जागा जाहीर होऊ देऊ नका. भूमच्या परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांच्या नावानं साधा अर्ज लिहा: गट नंबर, तारीख, ठशांचे फोटो मोजपट्टीसकट. लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेही लिहा. पोच घ्या आणि ती पोच बुधवारी टेबलावर ठेवा. मी मसुदा रात्री निरोपात पाठवते.